यादी मागू नका, धागा धरा

शिबिर कुठलंही असो, भाषण संपलं की दोन-चार पोरं-पोरी हमखास गाठतात. प्रश्न ठरलेला असतो : "दादा, काय वाचू? यादी द्या ना." हल्ली तर तयार याद्याच फिरतात. 'प्रत्येक भीमसैनिकाने वाचलीच पाहिजेत अशी पन्नास पुस्तके.' यादी फॉरवर्ड होते, सेव्ह होते, फार तर पहिलं पुस्तक विकत घेतलं जातं आणि विसाव्या पानावर गाडी अडते. दोष पोरांचा नाही. यादीत पुस्तकं रेशनच्या रांगेसारखी एकामागे एक उभी असतात. तिसऱ्यानंतर चौथंच का वाचायचं, याचं उत्तर यादीकडे नसतं.

म्हणून मी यादी देत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. एक पुस्तक दुसऱ्याकडे नेतं ते वाचणाऱ्याच्या आयुष्यातून. मधे एखादी आठवण असते, घरातला वाद असतो, एखादं गाव असतं, एखादा शब्द असतो. तिथून धागा निघतो. ज्या घरांत आजोबांच्या काळापासून पुस्तकांचं कपाट आहे, त्यांना हा धागा आयता मिळतो. आपल्याला तो स्वतः ओढून काढावा लागतो. पण एकदा हाती आला की तो इतका लांब जातो की भल्याभल्या याद्या तोकड्या पडाव्यात.

सुरुवात बाबासाहेबांपासूनच करू. 'द बुद्ध अँड हिज धम्म'साठी त्यांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही, ग्रंथही १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर आला. त्या प्रस्तावनेत ते सांगतात की शाळकरी वयात परीक्षा पास झाल्याबद्दल वस्तीतल्या लोकांनी सभा भरवली आणि तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. ही गोष्ट आपण सगळे सांगतो. पण तिच्या मागची दुसरी गोष्ट आपण सांगत नाही. भीमरावाच्या घरी रामजीबाबा मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. मुलानं विचारलं, ब्राह्मण-क्षत्रियांचं गुणगान आणि शूद्र-अस्पृश्यांची हेटाळणी असलेली ही पुस्तकं आम्हाला का वाचायला लावता? वडिलांनी उत्तर दिलं : आपण अस्पृश्य, म्हणून मनात न्यूनगंड शिरू नये. द्रोण, कर्ण, वाल्मीकी बघ, कुठून कुठे पोहोचले. मुलाचं समाधान झालं नाही. त्या असमाधानात केळुसकरांचं पुस्तक हाती आलं.

म्हणजे बुद्धचरित्र कोऱ्या पाटीवर उमटलं नाही. आधीची पुस्तकं होती, त्यांच्यावरून बापलेकांत झालेला वाद होता, आणि त्या वादाचं उत्तर शोधणारं मन होतं. हा वाद नसता तर ते पुस्तक कदाचित बक्षिसाचं पुस्तक म्हणून ट्रंकेत पडून राहिलं असतं. रामायणाकडून बुद्धाकडे जाणारी ती वाट एका घरातल्या भांडणातून गेली.

आता माझा धागा सांगतो. तो माझा आहे म्हणून मोठा नाही. तुमचा कसा शोधायचा ते कळावं म्हणून सांगतो.

आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जायचा. पाळीपाळीनं एकेका घरातल्या माणसानं वाचायचं. आमच्या घरून आत्या वाचायची. ती प्रौढांच्या वर्गात अक्षर शिकलेली. ओळीखाली बोट ठेवून, जोडाक्षराला थांबत थांबत वाचायची. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा भाग आला. शाक्य आणि कोलीय, मधे रोहिणी नदी, शेतीला पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून मारामारी, शाक्यांच्या संघाचा युद्धाचा ठराव, सिद्धार्थाचा विरोध, बहुमत त्याच्या विरुद्ध, आणि मग परिव्रज्या. आत्या थांबली. चष्मा काढून म्हणाली, "तवाबी पान्यावरूनच व्हय?" सगळे हसले. पण हसण्यात कडवटपणा होता, कारण गावातल्या हापशावरचं भांडण आदल्याच उन्हाळ्यातलं होतं.

आत्याचा तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून राजपुत्र घर सोडतो, हीच गोष्ट शाळेच्या पुस्तकात होती. मग बाबासाहेबांनी पाणी कुठून आणलं? विहारातल्या एका निवृत्त गुरुजींना विचारलं. त्यांनी लोखंडी कपाटातून धर्मानंद कोसंबींचं 'भगवान बुद्ध' काढून दिलं. कोसंबींनाही ती चार दृश्यांची कथा पटलेली नाही. ते सुत्तनिपातातल्या अत्तदंडसुत्ताकडे बोट दाखवतात. माणसं एकमेकांविरुद्ध शस्त्र उचलतात, त्याची भीती आणि त्याचा वैताग हे कारण तिथे आहे. आणि तिथे एक उपमा आहे : थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांची. पुन्हा पाणीच! आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मासा कशाला, मानसंच म्हन की."

पाण्यानं मला कोसंबींपर्यंत आणलं. पुढे कोसंबींच्या आयुष्यानं ओढलं. 'निवेदन' हे त्यांचं आत्मचरित्र. गोव्यातल्या साखवाळ गावचा, शाळा जेमतेम झालेला मुलगा 'बालबोधमेवा' या मराठी मासिकात बुद्धाविषयी वाचतो आणि त्या ओढीनं पुढे घरदार सोडून निघतो. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहल. इथे मला पहिल्यांदा नीट कळलं की बुद्ध मराठी मुलुखात परत आला तो एका मासिकातल्या मजकुरातून आणि एका भेट दिलेल्या चरित्रातून. एकाला मासिक भेटलं, दुसऱ्याला केळुसकर भेटले.

पण 'निवेदन' वाचताना काशीच्या पानांवर मी अडकलो. खिशात पैसे नसलेला हा तरुण काशीत अन्नछत्रात जेवतो आणि संस्कृत शिकतो. हाल झालेच. उपासमार होती, आजारपण होतं. तरी अन्नछत्राचं दार उघडं होतं, कारण जन्म ब्राह्मणाचा होता. साल बघा. कोसंबी काशीत होते ते १९०० ते १९०२च्या सुमारास. मला लगेच दुसरा प्रवास आठवला. १९०१ साल, सातारा जिल्हा, मसूर स्टेशन.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' आपल्यातल्या बहुतेकांनी वाचलं आहे. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं वडिलांना भेटायला नवे कपडे घालून आगगाडीनं निघतात. मसूरला न्यायला कुणी येत नाही, कारण वडिलांच्या हाती पत्रच पडलेलं नसतं. पोरं महारांची आहेत हे कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. गाडीवान मिळत नाही. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार होतो, पण गाडी पोरांनी हाकायची, तो पायी चालणार. डब्यात खायला भरपूर आहे, प्यायला पाणी नाही. रात्र तशीच तहानेत जाते.

ही दोन पानं मी शेजारी शेजारी ठेवली. तीच दोन वर्षं, दोघेही मराठी बोलणारे, दोघेही पुढे बुद्धाकडे जाणारे. एकाकडे पैसा नाही, पण जात त्याला ताटापर्यंत नेते. दुसऱ्याकडे दुप्पट भाडं द्यायला पैसा आहे, पण जात त्याला घोटभर पाण्यापर्यंत जाऊ देत नाही. मी कोसंबींना कमी लेखायला हे सांगत नाही. त्यांनी पुढे जे केलं, परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा केला, त्याचा आदर आहेच. सांगायचं ते वेगळं. जातीवर शंभर भाषणं ऐकून जे समजलं नव्हतं, ते ही दोन पुस्तकं एकमेकांना भिडल्यावर समजलं. आर्थिक दुर्बलता आणि अस्पृश्यता यांतला फरक कुणी विचारला की मी आजही हीच दोन वर्षं सांगतो. हा पुरावा एका पुस्तकात नाही. दोन पुस्तकांच्या मधे आहे.

'वेटिंग फॉर अ व्हिसा'त एक गोष्ट ओझरती येते. बाबासाहेबांचे वडील खटाव तालुक्यात होते ते दुष्काळी कामावर. दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून सरकारनं तलावाचं खोदकाम काढलं होतं आणि ते तिथे रोखपाल होते. 'दुष्काळी काम' हा शब्द वाचला आणि आमच्या घरातला दुष्काळ उभा राहिला. १९७२. आत्या तेव्हा तरणी होती. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, सुकडी खायची. तिच्या हाताला तेव्हाची एक खूण होती, छिन्नी निसटून झालेली. कामावर सगळ्या जाती एकत्र खडी फोडत, पण पाण्याचे रांजण दोन होते, हे ती नेहमी सांगायची.

भूक आणि दुष्काळ हा धागा मला अण्णा भाऊ साठ्यांच्या 'फकिरा'कडे घेऊन गेला. १९५९ची ही कादंबरी. वस्ती उपाशी मरते आहे आणि फकिरा ठरवतो की मरायचं तर धान्य लुटून, लोकांना जगवून मरायचं. आत्याला मी त्यातला काही भाग वाचून दाखवला. ती म्हणाली, "आमच्या कामावर असा एक जरी असता..." पुढे बोलली नाही.

आता खरी गोष्ट इथून आहे. आमच्या वस्तीत 'फकिरा' नव्हती. ती पलीकडच्या, मातंग वस्तीतल्या मित्राच्या घरी होती. आणि त्या मित्राच्या घरी बाबासाहेबांचं एकही पुस्तक नव्हतं. दोन वस्त्यांच्या मधे एक नाला आहे, पावसाळा सोडला तर कोरडा. त्या नाल्यानं पुस्तकं सुद्धा वाटून घेतली होती. इकडे 'बलुतं', तिकडे 'फकिरा'. इकडे चौदा एप्रिल, तिकडे एक ऑगस्ट. मित्रानं पुस्तक हातात ठेवलं. मी पहिलं पान उलटलं, आणि अर्पणपत्रिकेत बाबासाहेब! अण्णा भाऊंनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे. मित्राच्या घरी ती प्रत कित्येक वर्षं होती. नाल्याच्या अलीकडे-पलीकडे ते पान कुणी कुणाला दाखवलंच नव्हतं.

तेव्हापासून मला अर्पणपत्रिका वाचायची सवय लागली. लेखक कुणाचं देणं मानतो ते तिथे कळतं. 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला. मग बाबासाहेब कुणाला? 'हू वेअर द शूद्राज?' हा १९४६चा ग्रंथ त्यांनी महात्मा फुल्यांना अर्पण केला. १९४८चा 'द अनटचेबल्स' नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांना. तमिळ मुलुख, काशी आणि मंगळवेढं एका पानावर आले. आणि फुले कुणाला? १८७३ची 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली अमेरिकेतल्या भल्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झीज सोसली. आमच्या शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवायला माझ्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा, ही आशा त्यामागे आहे.

वाटेगावच्या मांगवाड्यातून निघालेला धागा तीन अर्पणपत्रिकांत अमेरिकेला पोहोचला. तिथेही तो तुटत नाही. ज्या १९४६ साली बाबासाहेबांनी शूद्रांवरचा ग्रंथ फुल्यांना अर्पण केला, त्याच साली त्यांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं, त्याच्या प्रती हव्या होत्या. द्यु बॉइस यांचं उत्तर आलं. म्हणजे फुल्यांनी १८७३ साली पुस्तकाच्या पहिल्या पानावरून अमेरिकेच्या दिशेनं जो हात केला, तो ७३ वर्षांनी बाबासाहेबांनी पत्रातून पुढे नेला.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो कार्यकर्त्यांकडूनच येतो. "हे सगळं वैयक्तिक झालं. चळवळीला शिस्त लागते. प्रत्येक जण आपापल्या आठवणीमागे भटकायला लागला तर विचारधारा कुठली राहणार? आधी 'जातिप्रथेचे निर्मूलन' वाचा, मग बाकीचं."

पहिली गोष्ट, आपली आठवण खाजगी नसते. पाण्याचे दोन रांजण ही माझ्या एकट्या आत्याची आठवण आहे का? हापशावरचं भांडण, दुष्काळातली खडी, हजेरीच्या वेळी आडनाव ऐकून मास्तरांचा बदललेला आवाज, हे ज्यांना आठवतं ते लाखोंनी आहेत. व्यवस्थेनं आपल्या अंगावर जे लिहून ठेवलं तेच आपल्याला आठवतं. त्या आठवणीमागे गेलो तर आपण व्यवस्थेच्या मुळापर्यंतच जाणार, भरकटणार नाही.

दुसरी गोष्ट, 'जातिप्रथेचे निर्मूलन' जरूर वाचा, आज वाचा. पण ते पुस्तकही तुम्हाला एका जागी बसू देत नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेलं ते भाषण. मंडळाला ते झेपलं नाही, अधिवेशन रद्द झालं आणि १९३६ साली बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. त्या भाषणात ते आपल्या कोलंबिया विद्यापीठातल्या गुरूचं, जॉन ड्युईचं ऋण सांगतात. ज्याला तिथे प्रश्न पडेल की अमेरिकेतल्या एका शिक्षणतज्ज्ञाचा आणि जातीचा काय संबंध, तो ड्युईकडे जाईल. ज्याला प्रश्न पडणार नाही, त्याच्यासाठी ते नुसतं एक नाव राहील. प्रश्न पडायला स्वतःचं काहीतरी पणाला लागावं लागतं.

खरा धोका वेगळीकडे आहे. तो तीन प्रकारचा आहे.

एक, सुविचार. बाबासाहेबांचा फोटो, खाली एक ओळ, ना पुस्तकाचं नाव, ना पान. ती ओळ त्यांची आहे की नाही हेही कुणी बघत नाही. अशी ओळ लाइक मिळवते आणि संपते, कारण तिला मागचं पान नाही आणि पुढचंही नाही. भिंत रंगवावी तशी ती आहे. भिंतीतून आत जाता येत नाही.

दोन, 'दलित साहित्य' नावाचं कपाट. एका वाचनालयात मी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' शोधत होतो. १९२३चा हा ग्रंथ, विषय चलनाचा. अर्थशास्त्राच्या कपाटात नव्हता. ग्रंथपालांनी सहज सांगितलं, "आंबेडकर ना? तिकडे, दलित साहित्यात." सोनं आणि रुपयाच्या विनिमयावरचा ग्रंथ आत्मकथनांच्या रांगेत उभा होता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचा हात तिथे कधी जाणार नाही, आणि आत्मकथन वाचणाऱ्या आपल्या पोराला अर्थशास्त्राच्या कपाटात आपलं काही आहे हे कधी कळणार नाही. धागा दोन्ही बाजूंनी कापला.

तीन, आणि हे सगळ्यात जास्त लागतं, आपलीच जातवार कपाटं. आमचा लेखक, तुमचा लेखक. अर्पणपत्रिका ओरडून सांगत असताना आपण नाल्याच्या दोन बाजूंना पुस्तकं वाटून घेतो. वरच्या कपाटवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे. आपल्या वस्तीतलं कपाट उघडून बघा.

मग करायचं काय? विहारात, अभ्यासिकेत पुस्तकं असतात, कुलूपही असतं. कुलूप काढा. प्रत्येक पुस्तकाच्या आत एक कोरा कागद चिकटवा. वाचणाऱ्यानं त्यावर दोनच ओळी लिहायच्या : मी या पुस्तकाकडे कशामुळे आलो, आणि हे वाचून मला कुठे जावंसं वाटलं. पुढचा वाचेल, आपलं लिहील. वर्षभरात तुमच्या वस्तीची स्वतःची वाट तयार होईल, जी कुठल्याही फॉरवर्ड यादीत नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवा. ते जिथे थांबवतील तिथे थांबा, प्रश्न लिहून ठेवा. वाचता न येणारी माणसं पुस्तकाला असे प्रश्न विचारतात की प्राध्यापकाला सुचू नयेत. आणि शेजारच्या वस्तीतलं एक पुस्तक मागून आणा, आपलं एक देऊन या.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आपले लोक भाकरी बांधून येतात आणि पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. या देशात कुठल्या जत्रेतून लोक पुस्तकं घेऊन घरी जातात, सांगा. ते पुस्तक घरी गेल्यावर एकटं पडू देऊ नका. यंदा कुणाला पुस्तक भेट द्याल तेव्हा नुसतं 'वाच' म्हणू नका. कोणत्या पुस्तकानं, कोणत्या माणसानं, कोणत्या दुःखानं तुम्हाला तिथवर आणलं ते पहिल्या पानावर लिहून द्या. पुढचं पान तो स्वतः शोधेल.

जयभीम.